रफू आणि वाफ

मिस्त्री पहिल्यांदा रफूताईच्या खोलीत आला तो भिंतीला पाठ घासत, खेकड्यासारखा आडवा सरकत आला. दाराशी थांबला, खोलीत ती एकटीच आहे हे पाहून आणखीच अवघडला, आणि म्हणाला की जरा… एक अडचण आहे.

रफूताईने मशीनवरचा पाय काढला नाही. या खोलीत येणाऱ्या प्रत्येकाची अडचण एकाच जातीची असे. तिने विचारलं, कुठे फाटलंय. तो म्हणाला, ते सांगण्यासारखं नाही. ती म्हणाली, मग दाखवण्यासारखं तर मुळीच नसणार.

खोली इस्पितळाच्या तळघरात होती. एका अंगाला धुलाई, दुसऱ्या अंगाला बॉयलरघर, आणि मधे ही चिंचोळी पट्टी. वाफेने काचा बाराही महिने घामेजलेल्या. साडेतीनशे खाटांच्या चादरी, उशांचे अभ्रे, डॉक्टरांचे कोट, शस्त्रक्रियेची हिरवी कापडं… जे जे फाटे ते इथे येई आणि रफूताईच्या हाताखालून जाई. नऊ वर्षं हेच चाललं होतं. एव्हाना तिला माणसंही कापडासारखी दिसायला लागली होती. कोण कुठे विरलंय, कोण नुसतंच चुरगळलंय, कोणाचं इस्त्रीवर भागेल आणि कोणाला जोडच द्यावा लागेल, हे ती दारातून आत येणाऱ्याच्या दोन पावलांत ओळखे.

हा माणूस चांगल्या सुताचा होता. फक्त मागून उसवला होता.

तीन आठवड्यांपूर्वीच तो बॉयलरवर कामाला लागला होता. वाकून व्हॉल्व्ह काढताना विजारीने दगा दिला, आणि चार वाजता त्याला चर्चमध्ये प्रार्थनासभेला जायचं होतं. तिथे तो पहिल्या बाकावर बसतो, आणि गीताला उभं राहिलं की पहिल्या बाकावरच्याची पाठ अख्ख्या मंडळीला दिसते – हे सांगताना त्याचा चेहरा असा झाला की हसू दाबायला तिला दोरा दाताखाली धरावा लागला. ती त्याच मंडळीतली होती. पण ती बसे शेवटच्या बाकावर, दाराला लागून. उपासना संपायच्या आत तिला घरी आईकडे पळावं लागे. दोघांच्या मधे सतरा बाक होते, म्हणून इतके दिवस चुकामूक.

तिने एक चादर त्याच्या अंगावर टाकली. पडद्याआड जाऊन तो ती गुंडाळून आला आणि विजार तिच्या हाती देताना छताकडे बघत राहिला. मग स्टुलावर बसला. करायला काही नव्हतं, म्हणून मांडीवरची चादर निरखू लागला. एका जागी त्याचं बोट अडलं. तिथे बोटाच्या पेराएवढं रफू होतं. उभे-आडवे धागे असे विणलेले की डोळ्याला सापडू नयेत, बोटालाच सापडावेत.

"हे तुम्ही केलंत?"

"नाही, आभाळातून पडलं."

"एवढं बारीक? पण हे… बघतं कोण?"

"जो त्याच्यावर पडून असतो तो," रफूताई म्हणाली. "आठ-आठ दिवस त्याला बघायला दुसरं असतं काय? एक छत आणि एक चादर. छत माझ्या हातात नाही."

हे वाक्य तिने नऊ वर्षांत निदान पन्नास जणांना ऐकवलं असेल. पन्नास जण हसून निघून गेले होते. हा एक्कावन्नावा हसला नाही. विजार चढवून तो गेला, जिन्यावरून परत आला, आभार मानायचे राहिले म्हणाला, आणि आभार न मानताच पुन्हा गेला.

त्यानंतर मिस्त्रीचे कपडे फार फाटायला लागले.

सोमवारी बाही, बुधवारी खिसा, शुक्रवारी हातमोजा. इस्पितळात सगळे तिला रफूताई म्हणत – शिपायापासून मोठ्या डॉक्टरांपर्यंत. मिस्त्रीने दुसऱ्याच भेटीत त्यातली ताई गाळली. शेजारी चादरी पिळणाऱ्या धुलाईच्या मावशींच्या कानाला ते बरोबर लागलं. बॉयलर नुसता कोळसाच खातो की मिस्त्रीचे कपडेसुद्धा, असं त्यांनी पाण्याच्या आवाजावर आवाज चढवून विचारलं. रफूताईने ऐकू न आल्याचं सोंग केलं. ते सोंग तिला नीट जमलं नाही.

खरी गोष्ट तिला कापडाने सांगितली. कापड आपण होऊन फाटतं तेव्हा धागे मागेपुढे तुटतात, कडेला झिपऱ्या लोंबतात. ब्लेडने कापलं की कड कशी गुळगुळीत, दाढी केल्यासारखी. पहिल्या दोन वेळा ती काही बोलली नाही. तिसऱ्या वेळी तिने हातमोजा खिडकीकडे धरला.

"मिस्त्री, बॉयलरघरात उंदीर झालेत."

"असतील."

"दाढी करणारे आहेत. ब्लेड वापरतात."

तो कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाला. हातातली टोपी त्याने दोनदा उलटी-सुलटी केली. "मग उंदराने करावं काय? फाटल्याशिवाय… या खोलीत येता येत नाही."

"न फाटता येणारे साडेदहाला येतात," ती मान खाली घालून म्हणाली. "चहाला."

आणि सुई बोटात घुसली, जे गेल्या कित्येक महिन्यांत झालं नव्हतं.

मग रोज साडेदहा. दोन कप, एक स्टूल, एक मशीन. तुम्हीचं तू कधी झालं ते दोघांनाही सांगता आलं नसतं. मावशींना आलं असतं, त्या वार-तारखेनिशी सांगत. मिस्त्री वाफेने धूसर झालेल्या काचेवर बोटाने बॉयलरची चित्रं काढून दाखवी. ती त्या चित्रांतल्या नळ्यांना नावं ठेवी. कधी दोघं नुसतीच बसत. भिंतीपलीकडे बॉयलरची धाप चाले, आणि तिला वाटे, आपल्या छातीतला आवाज तर नाही हा…

दुसऱ्या महिन्यात त्याने खिशातून एक पत्र काढलं.

सोळाव्या वर्षापासून त्याला पाळक व्हायचं होतं. वडील गेले, घर अंगावर पडलं, म्हणून हा धंदा शिकला. आता धाकट्या बहिणीचं लग्न झालं होतं, हात मोकळे झाले होते, आणि सेमिनरीत जागा मिळाल्याचं कळवणारं पत्र आलं होतं. चार वर्षांचं शिक्षण, देशाच्या पार दुसऱ्या टोकाला. देवाची सेवा करायची तर व्यासपीठावर उभं राहायला हवं, असं त्याचं म्हणणं. बॉयलरपुढे गुडघे टेकून हात काळे करण्यात कसली आलीय सेवा? पोट भरायचा उद्योग तो.

रफूताईने पत्र वाचून परत केलं. घरी आई होती. चार वर्षांपूर्वी पडली ती कमरेखाली लुळी होऊन खाटेला खिळली. तिला सोडून दोन गल्ल्यांपलीकडे राहायला जाणं शक्य नव्हतं, देशाच्या दुसऱ्या टोकाचं तर नावच नको. मिस्त्री गेला तर गेलाच.

आता इथे रफूताईने जे केलं ते सांगितलंच पाहिजे. ती स्वतः बरेच दिवस ते स्वतःलासुद्धा सांगत नव्हती.

तिने कप जवळ ओढला, चमचा ढवळत राहिली आणि बोलायला लागली. "व्यासपीठावरचा माणूस रविवारी तासभर बोलतो. तुझी वाफ रोज सकाळी सहाला वर जाते. ती गेली नाही तर एक कात्री शुद्ध होत नाही. एक पोट उघडता येत नाही. एका बाळंतिणीखाली स्वच्छ चादर पडत नाही. पाळकसाहेब आजाऱ्यासाठी प्रार्थना करतात ना? त्या प्रार्थनेचं उत्तर कुठल्या नळीतून येतं ते तुला ठाऊक आहे, त्यांना नाही." तिचा आवाज तिच्याही नकळत चढला. "प्रभूने तिशी उलटेपर्यंत रंधा मारला आणि उपदेश केला तो जेमतेम तीन वर्षं. एवढी सगळी वर्षं त्याने काय वाया घालवली म्हणायची? ज्याचा दरवाजा त्याने नीट बसवला, त्या माणसाची सेवा नाही झाली?"

शब्द न् शब्द खरा होता. अडचण होती ती तिथेच. खोटं बोलली असती तर ते कुठेतरी उसवलं असतं. तिने खरं बोलून, देवाचं नाव मधे घालून, स्वतःसाठी एक मिस्त्री अडवून ठेवला.

चहावर साय आली. दोन दिवसांनी त्याने सेमिनरीला नकार कळवला.

आणि माणूस बदललाच. पूर्वी घड्याळ बघून येणारा अर्धा तास आधी यायला लागला. दाब दाखवणाऱ्या काट्याची काच पुसून लख्ख ठेवायला लागला. कोणती नळी कुठल्या वॉर्डात जाते ते त्याने वर जाऊन, विचारून, शोधून काढलं आणि प्रत्येक व्हॉल्व्हवर रंगाने आकडे घातले. सकाळी वाफ सोडताना तो एकेका व्हॉल्व्हवर हात ठेवून त्या वॉर्डासाठी प्रार्थना करी. सुरुवात बाळंतिणींपासून, कारण त्यांना थांबवता येत नाही. हे सगळं तो साडेदहाला तिला लहान मुलासारखं सांगे. शेवटी हमखास म्हणे, "तू डोळे उघडलेस माझे."

तिला ते ऐकून आनंद होई. त्या आनंदात बारीकसं कुसळ असे, नव्या कपड्यातल्या लेबलासारखं, मानेला टोचणारं.

एका रविवारी तो घरी आला. आईला पाहिलं, खाट पाहिली, परत गेला आणि दोरी, कप्पी, लोखंडी कडं घेऊन आला. संध्याकाळपर्यंत आई चार वर्षांत पहिल्यांदा आपल्या हातांनी ओढ घेऊन उठून बसली. ती इतकी खूश झाली की दिवे लागेपर्यंत उगाचच आठ-दहा वेळा उठली.

तो गेल्यावर तिने लेकीला विचारलं, हा तर पाळक व्हायला निघाला होता ना, मग राहिला कसा? रफूताईने सांगितलं. आई आधी हसली. मग तिचं हसू थांबलं.

"देवाला मध्यस्थ घातलास, पोरी. घातलास तर घातलास. पण तो एकदा मधे आला की मधेच राहतो. काम झालं म्हणून बाजूला होत नाही."

त्या वेळी रफूताईला ते म्हाताऱ्या माणसाचं बोलणं वाटलं.

पाचव्या महिन्यात, एका मंगळवारी, ती सकाळी सात वाजता सूचना-फलकापाशी गेली. आपल्या विभागाचा कागद लावायचा होता: फाटक्या चादरी परस्पर टाकून देऊ नयेत, रफूकडे पाठवाव्यात. फलकावर एक नवं पत्र होतं. बेटावरच्या एका लहानशा मिशन इस्पितळाच्या डॉक्टरीणबाईंनी लिहिलेलं. त्यांचा बॉयलर चार महिने बंद होता. जुना मिस्त्री वारला. हत्यारं त्या स्वयंपाकघरातल्या पातेल्यात उकळत होत्या. रोजच्या शस्त्रक्रिया आठवड्याला दोनवर आल्या. अडलेल्या बाळंतिणींना होडीत घालून किनाऱ्यावर पाठवत होत्या, आणि गेल्या महिन्यात एक होडी वेळेत पोचली नाही. कोणी बॉयलरचा जाणकार निदान दोन-तीन वर्षं येईल का? ठिकाण दूर आहे, सोयी नाहीत, हे आधीच सांगितलेलं बरं.

हे पत्र कोणासाठी आलंय हे कळायला रफूताईला दुसऱ्यांदा वाचावं लागलं नाही.

जिन्यावर त्याची पावलं वाजली. तो रोज याच वाटेने नोंदवही द्यायला वर जाई. तिने हातातला आपला कागद त्या पत्रावर ठेवला आणि टाचण्या लावल्या. चार कोपऱ्यांना चार. एरवी ती दोनच लावत असे.

तिच्या खांद्यावरून वाकून त्याने तो वाचला. "फाटक्या चादरी टाकू नयेत," तो म्हणाला. "फाटके मिस्त्री टाकले तर चालतील?"

ती हसली.

पुढचे आठ दिवस तिला हवं ते सगळं मिळालं. एक रविवार सोडून पुढच्या रविवारी तो आईकडे रीतसर विचारायला येणार होता. तसं त्याने काचेवरच्या वाफेत लिहिलं, बोलायचा धीर झाला नाही म्हणून. तिने त्याखाली बोटाने एक टाका काढला – होकाराचा. मावशींनी कोणती साडी नेसायची ते ठरवून टाकलं. फक्त रफूताईला झोप नीट लागेना, आणि हात चुकायला लागला.

आठव्या दिवशी थिएटरच्या सिस्टर स्वतः तळघरात उतरल्या. हातात एक हिरवं कापड. शस्त्रक्रियेच्या कापडाचा नियम कडक असतो. दिव्यासमोर धरून बघायचं, सुईच्या टोकाएवढंही छिद्र असलं तरी दोन्ही अंगांनी जोड द्यायचा, कारण त्या छिद्रातून जंतू थेट उघड्या पोटात जातात. या कापडाला एकाच अंगाने जोड होता. वरून सुरेख. मागे छिद्र तसंच.

सिस्टर रागावल्या नाहीत. त्यांनी रफूताईच्या कपाळाला हात लावून पाहिला. "बरं नाही का गं तुला? हे तुझ्या हातचं नाही."

त्या गेल्यावर तिने कापड दिव्यासमोर धरलं. छिद्रातून उजेडाची काडी आली. नऊ वर्षांत एकही असं कापड या खोलीतून वर गेलं नव्हतं. कोणाच्या तरी पोटावर हे पडलं असतं. वरून सुरेख. तिला ती होडी दिसली, होडीतली बाई दिसली, तिच्याखालची चादर दिसली… आणि मग आपला कागद, चार टाचण्यांचा.

ती वर गेली. टाचण्या निघता निघेनात, इतक्या खोल दाबल्या होत्या.

मिस्त्री बॉयलरपाशी गुडघ्यांवर होता. तिला तिथे पाहून चकित झाला. ती त्याच्या राज्यात कधी येत नसे. तिने पत्र पुढे केलं. त्याने हात पुसले, वाचलं, पुन्हा वाचलं.

"तारीख जुनी आहे."

"आठ दिवस फलकावर होतं. माझ्या कागदाखाली." तिने श्वास घेतला. "मी झाकलं. तू जिन्यावर होतास तेव्हा."

बॉयलरची धाप तेवढी चालू होती.

"अजून आहे," ती म्हणाली. थांबली असती तर पुन्हा सुरुवात करता आली नसती. "ते सगळं मी बोलले ना… रंधा, दरवाजा, तुझी वाफ. ते देवासाठी नव्हतं. तू जाऊ नयेस म्हणून बोलले. माझ्यासाठी."

"माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"मी बिनसाखरेचा चहा पितो. त्या दिवशी तू बोलता बोलता माझ्या कपात तीन चमचे घातलेस, आणि ढवळतच राहिलीस." तो किंचित हसला. "देवासाठी बोलणारं माणूस एवढं घाबरलेलं नसतं."

"मग ऐकलंस कशाला?"

"बोलणारीला हवं होतं म्हणून खरं काही खोटं होत नाही. आणि थांबायचं मलाही होतंच की. आपण दोघांनी देवाला आपल्या कामाला लावलं…" त्याने पत्राची घडी केली, उलगडली, पुन्हा केली. "आता त्याने आपल्याला लावलं."

काट्यावरचा दाब एका रेघेने वर गेला. त्याने सवयीने हात नेऊन तो खाली आणला.

"थांब म्हण," तो म्हणाला. "एकदाच म्हण. मी थांबेन. आणि जन्मात कधी तुला बोलून दाखवणार नाही."

तो बोलून दाखवणार नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. रोज सकाळी तो व्हॉल्व्हवर हात ठेवील, एकेका वॉर्डाचं नाव घेईल, आणि शेवटी त्या बेटाचं नाव न घेता हात खाली करील. तिला बरं वाटावं म्हणून साडेदहाला विनोदही करील. असलं रफू ती आयुष्यभर बघत बसली असती, कारण ते तिच्याशिवाय कोणाला दिसलंच नसतं.

एकदा देवाचं नाव घेऊन तिने त्याला थांबवलं होतं. आता नुसतं स्वतःचं नाव घ्यायचं होतं. ते सोपं होतं. जीभ टाळ्याला लागलीही…

"होडी कुठून सुटते?" तिने विचारलं.

त्याने मान फिरवली आणि बराच वेळ एका नळीवरचा गंज नखाने खरवडत बसला.

पुढचं त्यांनी हलक्या आवाजात ठरवलं, म्हणजे काही ठरलं नाही. दोन दिवस गाडी, मग होडी, मग चढण. आई तासभरसुद्धा गाडीत टिकली नसती. दोन-तीन वर्षं ही पत्रातली भाषा. अशा जागी गेलेला माणूस पाच वर्षांशिवाय सुटत नाही, हे दोघांनाही कळत होतं. वाट बघशील का, असं त्याने विचारलं.

"वचन देणार नाही," ती म्हणाली. "बघितली तर बघेन. पण दिलं वचन, की वाट बघणं हेच माझं काम होऊन बसेल. मला काम आहे."

बदली माणूस तयार करायला बारा दिवस लागले. त्या रविवारी मिस्त्री आईकडे आला, पण वेगळं सांगायला. तो निघून गेल्यावर आई रडली. रफूताई रडली नाही, तिला ते आईचं काम वाटलं असावं. मग आई भिंतीकडे तोंड करून म्हणाली की ही खाट मधे नसती तर पोरगी सुखाने गेली असती, आता म्हातारीनेच लवकर आटपायला हवं.

"आई, पुरे," रफूताई म्हणाली. अंगावरची चादर तिने इतक्या जोरात नीट केली की खाट करकरली. "तू मधे आलेली नाहीस. वर साडेतीनशे माणसं पडून आहेत, इथे एक. ती माझ्या वाटणीची आहेत, तशी तूही आहेस. त्याच्या वाटणीची तिकडे आहेत. एवढंच."

"म्हणजे मीही चादरच की."

"चादर एवढी बडबड करत नाही."

दोघी हसल्या, आणि मग हसता हसता रफूताईचा बांध फुटला. आईने कप्पीची दोरी धरली, ओढ घेतली, उठून बसली आणि तिला जवळ घेतलं. चार वर्षांत आईला हे जमलं नव्हतं.

निघायच्या दिवशी सकाळी सहाची गाडी होती. बसस्थानकावर धुकं होतं, आणि इंजिनाचा धूर त्यात मिसळून सगळं बॉयलरघरासारखं दिसत होतं. मिस्त्रीच्या अंगावर एकही फाटकं काही नव्हतं. बारा दिवसांत तिने त्याचं सगळं दुहेरी टाक्याने शिवून काढलं होतं, न फाटलेलंसुद्धा.

"तिकडच्या चादरी फाटल्या तर?" तो म्हणाला.

"पाठव इकडे."

"यायलाच तीन दिवस लागतील."

"मग जपून वापरा म्हणावं."

तो हसला, आणि मध्येच हसायचा थांबला. त्याने तिचा हात हातात घेतला. तिच्या बोटावर सुईने पडलेला घट्टा होता, त्याच्या तळव्यावर वाफेने भाजल्याची जुनी खूण. काही वेळ ते दोन खरखरीत हात एकमेकांची चाचपणी करत राहिले.

"मी तुझ्यावर…" तो म्हणाला.

"माहीत आहे," ती म्हणाली. "चढ आता."

तो चढला. खिडकीत त्याचा चेहरा आला आणि काच लगेच त्याच्या श्वासाने धूसर झाली. त्याने ती पुसली नाही. बहुधा पुसायची नव्हती. गाडी घरघरली, हळूहळू हलली. रफूताई तिच्या कडेने चालायला लागली. आपण चालतोय हे तिला पाच-सहा पावलांनी कळलं. आणि आपला हात दाराच्या दांडीवर आहे, हे तर कंडक्टरने सांगेपर्यंत कळलंच नाही.

कंडक्टर पायरीवर उभा होता. अशी माणसं त्याने रोज पाहिलेली. त्याने घंटेची दोरी ओढली. गाडी गचकन थांबली.

"बाई, यायचंय का? आत जागा आहे. काय ते ठरवा, मला उशीर होतोय."

खरंच जागा होती. त्याच्या शेजारचीच रिकामी होती, ती तिला तिथून दिसत होती. पायरी गुडघ्याएवढ्या उंचीवर होती. एक पाय उचलला की झालं असतं.

बॉयलरघरात नवा माणूस एव्हाना पहिली वाफ सोडत असेल. रात्रीच्या चादरी धुलाईत पडल्या असतील, त्यातल्या काही फाटलेल्या असतील. घरी शेजारच्या काकू साडेसातपर्यंतच बसणार होत्या, मग आईला धुऊन-पुसून, खायला घालून, आठला खोली उघडायची होती.

रफूताईने दांडीवरचा हात काढला.

"नाही," ती कंडक्टरला म्हणाली. "मला कामावर जायचंय."